मशीन केव्हा निघणार?

नाशिकच्या कोणत्याही मोठ्या इस्पितळात, मग ते सरकारी असो, महानगरपालिकेचे असो वा खासगी असो, अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेरील बाकावर तासभर बसले, तर सुरगाण्याहून रात्रीच्या रुग्णवाहिकेबरोबर आलेला, निफाडहून स्वतःच्या मोटारीने आलेला किंवा पंचवटीतून पायी आलेला माणूस, बोली आणि ऐपत यांत कितीही अंतर असले तरी, आतून बाहेर येणाऱ्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारताना ऐकू येतो: "साहेब, मशीन कधी काढणार?" मशीन म्हणजे व्हेंटिलेटर, म्हणजेच कृत्रिम श्वसनयंत्र. या प्रश्नाच्या पोटात दोन समजुती दडलेल्या असतात. एक अशी की, माणूस एकदा मशीनवर गेला की तो परत येत नाही. दुसरी तिच्या अगदी उलट, की रोग्याने डोळे उघडले, हात हलवला, तरी मशीन चालूच ठेवतात त्या अर्थी काहीतरी गौडबंगाल आहे. दोन्ही समजुती चुकीच्या असल्या तरी मूर्खपणाच्या मात्र नाहीत. ते यंत्र नेमके काय करते हे कोणी उलगडून सांगितले नाही, म्हणून त्या उपजल्या आहेत.

डॉक्टर मंडळी या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एका शब्दात देतात: "वीनिंग चालू आहे." हा इंग्रजी शब्द मुळात तान्ह्या मुलाचे अंगावरचे दूध तोडण्याचा. आपल्याकडील कोणतीही जाणती बाई सांगेल की, हे काम एका दिवसात उरकण्याचे नव्हे, आणि मूल रडते म्हणून वर्षानुवर्षे लांबविण्याचेही नव्हे. उपमा सुंदर आहे. परंतु ती आपल्याला एका ठिकाणी चकवते. कोठे, ते यथावकाश दिसेल.

१. भाता

जुन्या नाशकातील तांबटांचा व्यवसाय ज्यांनी पाहिला असेल त्यांना भाता ठाऊक असेल. त्याचे पोट फुगवले की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पोट दाबले की ती भट्टीत ढकलली जाते. आपली छाती म्हणजे या भात्याचे पोट होय. छाती व उदर यांच्या मध्ये घुमटासारखा पसरलेला एक स्नायू आहे, त्याला श्वासपटल म्हणतात. तो आकसून खाली सरकला की छातीची पोकळी वाढते आणि हवा आपण होऊन आत येते. प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला सुमारे बारा ते वीस वेळा, दर खेपेस अदमासे अर्धा लिटर, ही हवा ओढतो आणि सोडतो. त्या कामाचा त्याला पत्ताही नसतो, कारण निरोगी शरीराच्या एकंदर प्राणवायूपैकी शेकडा पाचाहूनही कमी हिस्सा या मजुरीवर खर्च होतो.

व्हेंटिलेटर लावला की हा व्यवहार उलटा होतो. घशातून श्वासनलिकेत एक नळी उतरवलेली असते आणि बाहेरचा भाता त्या नळीतून हवा आत ढकलतो. जी छाती आजवर भाता होती ती आता भट्टी होऊन बसते. पूर्वी असे नव्हते. १९२८ साली बोस्टन येथे प्रथम वापरात आलेल्या 'लोखंडी फुप्फुसा'त मान तेवढी बाहेर ठेवून रोग्याचे सारे शरीर एका पिंपात बंद करीत आणि पिंपातील हवेचा दाब कमीजास्त करून छाती बाहेरून फुगवीत. म्हणजे ओढण्याची नैसर्गिक रीत त्यात कायम होती. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली तेव्हा श्वास बंद पडत चाललेले रोगी इतके, आणि ही पिंपे इतकी थोडी, की ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या कंठाला छिद्र पाडून, त्यात नळी बसवून, रबरी पिशवीने हाताने हवा ढकलण्याचा प्रयोग केला. ती जगली, आणि मग सुमारे दीड हजार विद्यार्थी आळीपाळीने, रात्रंदिवस, पिशव्या दाबत रोग्यांच्या उशाशी बसले. आजचे अतिदक्षता विभाग हे त्या विद्यार्थ्यांच्या दुखऱ्या मनगटांतून जन्मास आले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. हवा आतबाहेर करणे ही एक गोष्ट आणि त्या हवेतील प्राणवायूचे प्रमाण वाढवणे ही दुसरी. साध्या हवेत प्राणवायू शेकडा एकवीस असतो. नाकातल्या नळीने किंवा मुखवट्याने तो वाढवता येतो, परंतु तेथे मजुरी रोग्याचीच असते. व्हेंटिलेटर दोन्ही कामे करतो, पण प्राणवायू काही तो स्वतः निर्माण करीत नाही. तो इस्पितळाच्या टाकीतूनच यावा लागतो. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठ्याचा दाब घसरला आणि त्याच दिवशी बावीस रुग्ण दगावल्याची नोंद झाली, तेव्हा हा भेद या शहराला अत्यंत क्रूर रीतीने कळला. आधार काढून घेणे आणि आधार तुटणे या दोन क्रिया बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्यांत काडीचेही साम्य नाही. आपण ज्या क्रियेविषयी बोलत आहोत तिच्यात रोग्याची तयारी आधी तपासलेली असते, हात कायम जवळ असतो आणि आधार कोणत्याही क्षणी परत देता येतो.

२. यंत्र बरे करीत नाही

आता पहिल्या समजुतीकडे वळू. व्हेंटिलेटर हे औषध नव्हे. ते मुदत मिळवून देते, इतकेच. आणि ती मुदत किती लागेल हे यंत्रावर नव्हे, तर मूळ दुखण्यावर अवलंबून असते.

नाशिक जिल्ह्यातील तीन नमुने घेऊ. पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याच्या पट्ट्यात जमिनीवर निजलेल्या माणसाला मण्यार डसते. डंखाची खूण पुष्कळदा दिसतही नाही, पण पहाटेपर्यंत पापण्या गळतात, जीभ जड होते आणि श्वासपटल थांबू लागते. या माणसाची फुप्फुसे ठणठणीत असतात. बिघाड असतो तो मज्जातंतूकडून स्नायूला पोचणाऱ्या हुकमात, कारण विषाने तंतूची टोकेच निकामी केलेली असतात. सर्पविषावरील लस विषाचा पुढचा फैलाव रोखते, परंतु एकदा दुखावलेली टोके पूर्ववत होण्यास काही दिवस जावेच लागतात, आणि तेवढे दिवस यंत्राने भाता चालवला तर हा माणूस बहुधा आपल्या पायांनी घरी जातो. दुसरा नमुना द्राक्षबागेच्या किंवा कांद्याच्या मुलखातला: फवारणीचे औषध, अपघाताने वा जिवाचा वैताग होऊन, पोटात गेलेला. येथे एक दगाबाज वळण असते. पहिल्या दिवशीची लाळ, घाम, उलट्या ओसरून रोगी सुधारला असे वाटत असतानाच, साधारण एक ते चार दिवसांच्या दरम्यान, मानेचे आणि श्वासाचे स्नायू नव्याने लुळे पडू शकतात. श्रीलंकेतील वैद्यांनी १९८७ साली या अवस्थेचे वर्णन केले, तेव्हापासून अशा रोग्याची नळी काढण्यास डॉक्टर घाई करीत नाहीत. आणि "कालपर्यंत बोलत होता की" असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना नेमके हेच समजावून सांगणे अवघड जाते. तिसरा नमुना न्यूमोनियाचा. तेथे हुकूमही ठीक आणि स्नायूही ठीक, पण फुप्फुसांचे कप्पेच पाण्याने भरलेले. ते उपसून निघाल्यावाचून मुदत संपत नाही.

तेव्हा 'मशीनवर गेलेला परत येत नाही' हे विधान मण्यारीच्या बाबतीत धडधडीत खोटे आहे. आणि जेथे ते खरे ठरते, तेथे गुन्हा बहुधा मूळ दुखण्याचा असतो, मशीनचा नव्हे.

३. पालकाचा कारभार

बहुधा, असे मुद्दाम म्हटले. कारण यंत्र अगदीच निरपराध आहे असेही नाही.

१७६१ साली सोळा वर्षांचे माधवराव पेशवेपदावर आले तेव्हा चुलते रघुनाथराव यांनी पालक या नात्याने कारभार हाती घेतला, आणि पुतण्या जाणता झाल्यावरही तो सोडावा असे दादासाहेबांच्या काही मनात येईना. आनंदवल्लीचा त्यांचा वाडा आपल्या शहराला लागूनच असल्यामुळे हा दाखला सहज सुचला. यंत्राला अर्थातच राघोबादादांची महत्त्वाकांक्षा नसते. तेथे जे घडते ते अधिक चमत्कारिक आहे. पालक कारभार करतो आहे असे पाहताच धनी स्वतःच झिजू लागतो. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेंदू मृत झालेल्या चौदा अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे धागे तपासण्यात आले. त्यांची श्वासपटले यंत्रामुळे अठरा ते एकोणसत्तर तास अगदी निश्चल राहिली होती, आणि एवढ्या अल्पावधीत त्यांच्या धाग्यांच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ, ज्यांचे श्वासपटल केवळ दोनतीन तास थांबले होते अशांच्या तुलनेने, निम्म्याहून अधिक घटलेले आढळले. पाय प्लॅस्टरमध्ये महिनाभर ठेवला की पोटरी बारीक होते हे आपण पाहतो. श्वासपटलाला महिना लागत नाही.

यात भर पडते ती नळीवाटे शिरणाऱ्या जंतूंची आणि सतत दिलेल्या गुंगीची. म्हणून एक दिवस उशीर हादेखील अपाय आहे. उलट एक दिवस घाई केली आणि दमलेल्या रोग्याला पुन्हा नळी घालावी लागली, तर ती दुसरी नळी पहिलीपेक्षा फार महागात पडते. डॉक्टर या दोन दरडींच्या मधल्या वाटेने चालत असतो. बाकावरच्या माणसाला त्यांपैकी एकच दरड दिसते.

४. सकाळची खातरजमा

मग वेळ झाली हे ओळखायचे कसे? याचा आता एक शिरस्ता ठरलेला आहे आणि तो दररोज सकाळी पाळायचा असतो. ज्या कारणासाठी यंत्र लावले ते कारण ओसरू लागले आहे ना? प्राणवायू शेकडा चाळीसच्या आसपास किंवा त्याहून कमी देऊन भागते आहे ना? रक्तदाब राखण्यासाठी औषधांचा मोठा मारा करावा लागत नाही ना? आणि रोगी जागा आहे ना? हा शेवटचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. नळी सोसवावी म्हणून दिलेली गुंगी साचत जाते. म्हणून ती रोज सकाळी काही काळ तहकूब करून रोग्याला जागे करून पाहावे, असे २००० साली शिकागोतील डॉक्टरांनी सुचविले, आणि तसे केल्याने यंत्रावरचे दिवस सव्वासातावरून पाचाच्या आत आले. या जागे करण्यात घरच्यांचा हातभार लागू शकतो. सुरगाण्याकडच्या ज्या म्हाताऱ्याची सारी हयात कोकणा बोलीत गेली, तो "आजोबा, हात दाबा" या सिस्टरच्या शहरी मराठीला दाद देत नाही आणि लेकीने आपल्या बोलीत हाक मारताच डोळे उघडतो, यात नवल कसले?

यानंतर डॉक्टर एक छोटा हिशेब करतात. तो समजण्यासाठी विहिरीचा पोहरा डोळ्यांपुढे आणावा. पोहरा लहान असो वा मोठा, वर येईपर्यंत प्रत्येक खेपेस त्यातून ठरावीक पाणी सांडते असे समजा. मग लहान पोहऱ्याने पुष्कळ खेपा करणारा माणूस दमतो फार आणि हौदात पाणी पडते थोडे. श्वासाचेही असेच आहे. प्रत्येक श्वासातील सुमारे १५० मिलिलिटर हवा घसा आणि नलिका यांच्या वाटेतच राहते आणि निरुपयोगी ठरते. एक रोगी मिनिटाला २४ श्वास घेतो, प्रत्येक ४०० मिलिलिटरचा. दुसरा ३६ घेतो, प्रत्येक २४० चा. एकूण हवा पाहिली तर पहिल्याची ९,६०० आणि दुसऱ्याची ८,६४० मिलिलिटर, म्हणजे फरक थोडका. पण दर खेपेचे १५० वजा करा: पहिल्याला उपयोगी पडली ६,००० आणि दुसऱ्याला अवघी ३,२४०. हेच एका आकड्यात पकडण्यासाठी १९९१ साली यांग आणि टोबिन यांनी युक्ती काढली: श्वासांच्या संख्येला लिटरमध्ये मोजलेल्या एका श्वासाने भागावे. पहिल्याचे उत्तर २४ भागिले ०.४, म्हणजे ६०. दुसऱ्याचे ३६ भागिले ०.२४, म्हणजे १५०. उत्तर १०५ च्या वर गेले तर रोगी बहुधा टिकणार नाही. हा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, पण धाप लागलेला माणूस 'भराभर श्वास घेतोय, म्हणजे बरा आहे' असे मानणाऱ्यांचा भ्रम तो चांगला उतरवतो.

५. भोपळा सोडून

आता त्या उपमेच्या चकव्याकडे येऊ. दूध हळूहळू तोडतात. म्हणून यंत्राचा आधारही रोज थोडा थोडा कमी करीत नेला म्हणजे झाले, असे कोणालाही वाटेल. डॉक्टरांनाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. यंत्राने मिनिटाला बारा श्वास द्यावेत, मग दहा, मग आठ, आणि मधल्या फटी रोग्याने भराव्यात, अशी पद्धत सर्वत्र रूढ होती.

१९९५ साली स्पेनमधील डॉक्टरांनी ५४६ रुग्ण घेतले आणि प्रथम सर्वांना थेट दोन तास स्वतःच्या बळावर श्वास घ्यावयास लावला. ४१६ जण त्या पहिल्याच चाचणीत उतरले! म्हणजे चारांतील तिघांना कसली शिडी लागतच नव्हती. ते मोकळे होण्यास केव्हाच तयार होते, कोणी विचारले मात्र नव्हते. उरलेल्या १३० जणांवर निरनिराळ्या रीती वापरून पाहिल्या, तेव्हा दिवसातून एकदा चाचणी आणि एरवी संपूर्ण विश्रांती या रीतीने रोगी जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या पद्धतीपेक्षा सुमारे तिप्पट वेगाने सुटले. आदल्याच वर्षी फ्रान्समधील मंडळींना प्रत्येक श्वासाला थोडा टेकू देऊन तो कमी करीत नेण्याची रीत सरस वाटली होती; पण श्वासांची गणती घटवीत नेण्याची जुनी पद्धत सर्वांत मागे पडते, यावर दोन्ही पक्षांचे एकमत झाले.

गोदावरीत किंवा मळ्यातल्या विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून जे पोहायला शिकले, त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. शिकवणारा तो भोपळा रोज थोडा कापून लहान करीत बसत नाही. तो एके दिवशी भोपळा सोडतो, हातभर अंतरावर उभा राहतो, आणि पोर गटांगळी खाऊ लागले की दंड धरून वर काढतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

चाचणी आता बहुधा अर्ध्या तासाची असते, कारण दोन तासांनी जे कळते ते अर्ध्या तासातही कळते असे पुढे दिसून आले. रोगी नळीसह, पण यंत्राच्या नाममात्र मदतीने किंवा तीही न घेता, स्वतः श्वास घेतो. सिस्टर उशाशी उभी असते. श्वासांची गती पस्तिशीच्या वर गेली, कपाळ घामेजले, मानेचे स्नायू दोरीसारखे ताठले, श्वास घेताना पोट फुगण्याऐवजी आत जाऊ लागले, की चाचणी तेथेच थांबवतात आणि रोग्याला दिवसभर पुन्हा यंत्राच्या स्वाधीन करतात. नापास होणे ही नामुष्की नव्हे. ती तपासाची सुरुवात होय. हृदय दुबळे आहे काय, कारण यंत्राचा दाब निघताच छातीकडे येणारे रक्त वाढते आणि अशक्त हृदयाला ते पेलत नाही? अंगात पाणी साठले आहे काय? रक्तातील पोटॅशियम, फॉस्फेट घटल्यामुळे स्नायू लंगडे झाले आहेत काय? की माणूस केवळ भेदरला आहे? जो पहिल्या खेपेस उतरतो त्याची सुटका सोपी म्हणतात. तिसऱ्या चाचणीपर्यंत किंवा सात दिवसांपर्यंत लागले तर अवघड, आणि त्याहून लांबली तर दीर्घ. दीर्घ प्रकरणांत घशातील नळीऐवजी कंठाला छिद्र पाडून आखूड नळी बसवतात. नातेवाईक याला फार बिचकतात. वास्तविक ती नळी सोसण्यास हलकी असते, गुंगी कमी लागते आणि पुढे बहुतेकदा काढताही येते.

अमेरिकेत १९९६ साली ३०० रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला: तयारीची तपासणी रोज सक्तीने करायची, जो टिकेल त्याची चाचणी घ्यायची आणि तो उतरला तर डॉक्टरांना तशी इतल्ला द्यायची, एवढेच. यंत्रावरचे दिवस सहावरून साडेचारांवर आले. औषध नवे नाही, यंत्र नवे नाही. फक्त रोज विचारले गेले. म्हणून बाकावरच्या माणसाने "मशीन कधी काढणार?" याऐवजी "आज चाचणी घेतली का, किती वेळ टिकला, कशामुळे थांबवली?" असे विचारावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पहिल्या प्रश्नाला डॉक्टर तारीख देऊ शकत नाही. दुसऱ्याला उत्तर देणे त्याला भागच आहे.

६. नळी निघाल्यावर

यंत्र सुटणे आणि नळी निघणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्वास उत्तम घेणारा, पण खोकण्याचे त्राण नसलेला माणूस स्वतःच्या बेडक्यात गुदमरू शकतो. म्हणून नळी काढण्यापूर्वी खोकला जोरकस आहे का आणि बेडका किती येतो हे पाहतात. नळीभोवतालचा फुगा सैल करून तिच्या कडेने हवा निसटते की नाही, तेही पाहतात. निसटली नाही तर घसा आतून सुजला असण्याचा संभव असतो. इतके करूनही चाचणी उत्तीर्ण झालेल्या शंभरांतील दहा ते वीस जणांना दोनतीन दिवसांत पुन्हा नळी घालावी लागते. ही डॉक्टरांची हयगय नव्हे. हा आकडा शून्यावर आणावयाचा तर तयार असलेल्या कित्येकांना विनाकारण डांबून ठेवावे लागेल. वयस्कर, हृदयरोगी किंवा दम्यासारख्या जुन्या विकाराच्या रोग्यांना म्हणूनच नळी काढताक्षणी नाकातोंडावरच्या घट्ट मुखवट्याने काही काळ दाबाची मदत देतात.

आणि मग तो क्षण येतो. चिकटपट्ट्या सुटतात, रोग्याला खोकावयास सांगतात, नळी एका झटक्यात बाहेर येते. दोनतीन उबळी येतात, आणि कित्येक दिवसांनी पहिला शब्द, घोगरा, फाटका, फुटतो. तो शब्द बहुधा "पाणी" हाच असतो. दारातून आत घेतलेली लेक पिशवीतली बाटली काढते, आणि सिस्टर तिचा हात धरते. लेकीला हा शुद्ध कठोरपणा वाटतो. पण इतके दिवस दोन स्वरतंतूंमध्ये नळी अडकून राहिलेले स्वरयंत्र गिळताना वेळेवर मिटायला विसरलेले असते, आणि घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. ओल्या कापसाने ओठ पुसतात. काही तास जाऊ देतात. मग उशाकडची बाजू उंच करून, चमचाभर पाणी जिभेवर ठेवतात आणि गळ्याची घाटी वर सरकून खाली येते की नाही हे बोट लावून पाहतात.